गौरीच्या तुऱ्याला कुंपण

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

आपटा गावातल्या माझ्या वरकसावर, म्हणजे डोंगरातल्या माळजमिनीवर गेलो होतो. उतारावरच्या गवतात एक मुलगी गुडघे टेकून बसलेली दिसली. पाठीला सॅक, हातात मोजपट्टी. कोण म्हणून विचारणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "काका, पाय जरा बाजूला घ्या." पाहिलं तर माझ्या चपलेला लागून गौरीचा तुरा उभा होता.

माझ्या जागेत मला बाजूला व्हायला सांगणारी ही पहिलीच. नाव मनस्वी. पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते. फार जुन्या एका वाळवलेल्या नमुन्यावर 'आपटा' असं गावाचं नाव सापडलं, त्यावरून दोन पावसाळे हे डोंगर धुंडाळते आहे. तिच्या भाषेत ही आमरी, म्हणजे ऑर्किड. लॅटिन नावही सांगितलं, ते मला लिहिता येणार नाही. आम्ही तुराच म्हणतो. वीतभर दांडी, वर बारीक पांढरी फुलं, प्रत्येक फुलाला मागे दोऱ्यासारखी शेपटी. गौर आणतो त्या दिवशी तेरड्याच्या जुडीत हा तुरा खोवायचा, अशी आमच्या घरची रीत.

"किती आहेत इथे?" तिने विचारलं.

"दरवर्षी असतात," मी म्हणालो.

"म्हणजे किती?"

ते मी कधी मोजलं नव्हतं. तिने मोजलं. दोनशेच्या वर भरले. ती खाली दगडावर बसली आणि बराच वेळ हसत होती.

ही जागा माझ्या मामाची. त्याला मूलबाळ नव्हतं, माझ्या नावावर करून गेला. नांगर चालत नाही, दगड आणि गवत. मामाच्या वेळेपासून पायथ्याच्या वाडीतली साळू आणि तिचा नवरा दत्ता इथे बकऱ्या चारतात आणि दिवाळीनंतर गवत कापून नेतात. सुकापूरच्या आमच्या भातखाचरांवर कधीच इमारती उभ्या राहिल्या. मातीची म्हणावी अशी हीच एक जागा माझ्याकडे उरली आहे.

१ सप्टेंबर २०२४

मनस्वी माझ्या बांधकाम सामानाच्या दुकानात आली. सिमेंटच्या गोण्यांवर बसून चहा प्यायली. तिने मला समजावून सांगितलं की जगातल्या झाडांची, प्राण्यांची एक यादी असते. 'चिंता नाही' पासून सुरू होते, मग 'धोक्याजवळ', 'धोक्यात', 'अतिधोक्यात', आणि शेवटी 'नामशेष'.

"आणि आपला तुरा?"

"त्याच्यापुढे 'माहिती अपुरी' असं लिहिलंय."

मला हे आवडलं. माणसाबद्दल असं कोणी लिहीत नाही. ज्याच्याबद्दल काही ठाऊक नसतं त्याच्याबद्दलही आपण काहीतरी ठरवून मोकळे होतो.

तिला आणखी दोन जागा ठाऊक आहेत. एक दगडाच्या खाणीत गेली. दुसरीवर यंदा चार-पाच तुरे दिसले. म्हणजे आपलीच जागा मोठी. ती अहवाल लिहिणार आणि त्यावरून तुऱ्याचा दर्जा ठरणार.

माझा पुतण्या दीपेश जागांचे व्यवहार करतो. तो गल्ल्याशी उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "काका, एकदा यादीत नाव गेला ना, तर तिथं संडास बांदायला पन परमिशन भेटनार नाय."

"तसं काही नसतं हो," मनस्वी हसून म्हणाली.

"मॅडम, तुमी पुन्याला जाल. तलाठ्याला तोंड आमी देनार."

मी तिला विचारलं, तुऱ्यासाठी मी काय करावं? ती म्हणाली, नक्की सांगता येत नाही, अभ्यास कुणी केलेला नाही. पण चराई, गवतकापणी, फुलं तोडणं हे नेहमीचे धोके धरतात. ते थांबलं तर चांगलंच.

संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हा वाटलं, आतापर्यंत देवाने मला जे दिलं ते मी वापरलं किंवा विकलं. सांभाळायला म्हणून दिलेलं हे पहिलंच.

१० सप्टेंबर २०२४, मंगळवार

गौर आली. तेरडा आणला, तुरा आणला नाही. बायकोने, मनिषाने, जुडी हातात घेतली आणि उलटीपालटी करून पाहिली.

"अवो, तुरा?"

"यंदापासून नाही. ती जात धोक्यात आहे."

"एक काडला तर डोंगर रिकामा व्हनार हाय?"

"त्याची माहिती अपुरी आहे."

"तुमच्या डोक्यात अपुरी हाय," ती म्हणाली. मग निशिगंधाची काडी खोवली. आरतीला माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, पण बरोबर केलं असंही वाटलं.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

कुंपण पूर्ण झालं. वरच्या पायवाटेलगतची कड सोडून तुऱ्यांचा सगळा पट्टा आत घेतला. लोखंडी अँगलचे खांब, चेनलिंक जाळी, वर काटेरी तार. धंदाच आपला, त्यामुळे सामानात काटकसर केली नाही. खांबांचे खड्डे दीड फूट घेतले, काँक्रीट ठासून भरलं. कामगार म्हणत होता, शेठ, फुलाला एवढं? फाटकाला कुलूप लावलं. एकच किल्ली ठेवली, ती माझ्याकडे.

मनस्वीला फोटो पाठवला. तिने हात जोडलेली खूण पाठवली.

९ नोव्हेंबर २०२४

साळू फाटकापाशी भेटली. कमरेला विळा होता. साळू सगळ्यांनाच अरे-तुरे करते, त्याचं मला काही वाटत नाही.

"शेट, गवत कवा कापाचा?"

"यंदापासून कापायचं नाही. आत फूल आहे."

"फूल तर कवाच सुकला."

"असू दे. आता आत कोणी जायचं नाही."

"आनि बकऱ्या?"

"खालच्या अंगाला ने."

"खालती बंगलेवाल्यांनी कुत्रे सोडलेत." जाळीत बोटं अडकवून ती आत पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं."

तिच्या झोपडीचं छप्पर गळतं ते मला माहीत आहे. दुकानातून एक नवी ताडपत्री नेली होती, ती दिली. तिने घेतली. तक्रार केली नाही. साळू समजूतदार बाई आहे, तिलाही पटलं असावं.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

मनस्वीच्या कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि पडद्यावर माझ्या कुंपणाचा फोटो. 'खाजगी मालकाने सुरक्षित केलेली जागा', असं तिने सांगितलं. मला बोलायला उभं केलं. मी सातवीपर्यंत झेडपीच्या शाळेत होतो, पुढे दहावी पनवेलला, मला असं बोलायची सवय नाही. म्हणालो, जागा देवाची आहे, मी राखण करतो. टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत मनात तेच वाक्य फिरत होतं आणि ते आपल्याला आवडलं आहे हे कळून थोडी लाज वाटली.

परत येताना वरकसावर गेलो. आतलं गवत कमरेइतकं, वाळून सोनेरी झालेलं. वाऱ्यावर सगळं एकदम वाकतं. तिथे पूर्वी कधी इतकं शांत वाटलं नव्हतं. बकऱ्यांचं ओरडणं नाही, कोणाची हाक नाही.

५ जून २०२५, गुरुवार

पाऊस यायच्या आत फाटकाला तेल घालायला गेलो. वाडीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता आणि दत्ता बकऱ्या चढवत होता.

"ईदला गिऱ्हाईक चांगला भेटतंय, शेट."

"सगळ्याच देतोस?"

"ठेवून काय?"

मी माळकरी माणूस. टेम्पोतल्या त्या माना पाहवल्या नाहीत, नाव घेत पुढे झालो. साळू दारात बसली होती. हाक मारली, तिने नुसती मान हलवली.

एकूण तुऱ्याच्या दृष्टीने बरंच झालं. बकऱ्या झाडोरा ठेवत नाहीत असं मी एके ठिकाणी वाचलं आहे.

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

उपास होता. दुकान दुपारनंतर बंद ठेवून वर गेलो. गेल्या सालचं गवत आडवं पडलं आहे, पाय ठेवला की गादीसारखं दबतं. त्यातून नवं गवत वर आलंय आणि मधून मधून रानमोडीची झुडपं. ओल चांगली धरून ठेवत असेल. तुऱ्याची पानं एव्हाना दिसायला हवी होती. दिसली नाहीत. उशीर असेल.

१० ऑगस्ट २०२५, रविवार

मनस्वी सकाळीच आली. आम्ही दोघांनी हातांनी गवत बाजूला करत सगळा पट्टा पाहिला. दुपार झाली. अकरा तुरे. तेही लांबलचक, पिवळट, उजेडासाठी मान काढलेले.

तिने पुन्हा एकदा वरपासून मोजायला घेतलं. मीही मागून गेलो. अकराच.

"काका, आत कोणी आलं होतं?"

"किल्ली माझ्याकडे आहे."

"तणनाशक वगैरे?"

"छे."

सप्टेंबरअखेर तिला अहवाल द्यायचा आहे, आणि त्याच्या मसुद्यात ही एकच जागा 'सुरक्षित' म्हणून लिहिलेली आहे. इथूनही तुरा गेला तर तो कुठून येणार, हे तिने बोलून दाखवलं नाही.

जेवताना मनिषाला सांगितलं. ती म्हणाली, "गौरीचा होता, गौरीला नाय दिला. तिनं हात काडून घेतला."

"देव असा डूख धरत नाही."

"मग तुमीच सांगा काय झाला ते."

देव डूख धरत नाही असं तिला म्हणालो खरा, पण देवापुढे बसलो तेव्हा तेच मी त्याला विचारत होतो.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

आज किल्ली दुकानात विसरलो. फाटकाशी गेल्यावर कळलं. परत जाऊन आणायची म्हणजे तासाभराचं काम, म्हणून म्हटलं बाहेरूनच एक फेरी मारू. कुंपण घातल्यापासून मी बाहेरच्या अंगाने कधी फिरलोच नव्हतो, नेहमी कुलूप काढून आत.

वरच्या बाजूला, जाळी आणि झऱ्याकडे जाणारी पायवाट यांच्यामध्ये चार-पाच हातांची पट्टी सुटली आहे. गावातली उरलीसुरली गुरं तिथून पाण्याला जातात, जाता-येता तोंड घालतात. गवत घोट्याइतकं. आणि त्यात तुरे. एक नाही, दोन नाही. ठेंगणे, घट्ट, पांढरे. काहींवर तर शेणाचे शिंतोडे होते.

जाळीच्या आत गवत माझ्या छातीला लागत होतं.

मी पाऊस अंगावर घेत तिथे उभा राहिलो. आधी आनंद झाला. मग जसजसं कळत गेलं तसतसा तो गेला. मामाच्या वेळेपासून साळूचा विळा दर साली हे गवत काढत होता, बकऱ्या उरलेलं खात होत्या, आणि मग पहिल्या पावसाला उघड्या मातीतून तुरा वर येत होता. मी ते सगळं थांबवलं. दीड फुटाच्या काँक्रीटने थांबवलं.

मनस्वीला तिथूनच फोन केला. पट्टीतले तुरे आणि आतलं गवत, दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, "चराई हा धोका असं मीच सांगितलं होतं काका. पुस्तकात होतं म्हणून सांगितलं."

"आतले कंद मेले असतील का?"

"काही जाती एक-दोन वर्षं जमिनीखाली नुसत्या पडून राहतात. या जातीचं कोणालाच माहीत नाही."

"बरं."

"अहवालात 'धोके' म्हणून एक सदर आहे. ते बदलावं लागेल. काय लिहू?"

"माझं नाव लिहा."

"नाव नाही लिहीत काका."

"मग कुंपण लिहा."

३१ ऑगस्ट २०२५, रविवार

गौर आली. मनिषा म्हणाली, मला दाखवा तरी. तिला स्कूटरवरून घेऊन गेलो. वाटलं, बाहेरच्या पट्टीतला एक तुरा ती काढेल आणि मी नाही म्हणणार नाही. ती वाकली, फुलांखालची शेपटी बोटावर घेऊन पाहिली, आणि उठली.

"काढ की," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. मागल्या साली दोनशे होते तवा नाय बोललात, आता काडा बोलताय. तुमचा काय कलत नाय मला."

घरी येऊन तिने पुन्हा निशिगंधच खोवला.

७ सप्टेंबर २०२५

दोन कामगार घेऊन जाळी आणि काटेरी तार उतरवली. खांब निघाले नाहीत. पहारीने प्रयत्न केला, काँक्रीट हलेना. तसेच उभे आहेत.

१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार

साळूकडे गेलो. ती आता रोडपालीला एका सोसायटीत साफसफाईला जाते. सकाळी एक इको गाडी वाडीतल्या बायका भरून नेते, संध्याकाळी आणून सोडते. गुरुवारी सुट्टी असते म्हणून आज गेलो.

झोपडीवर माझी ताडपत्री होती. गोठ्याच्या जागी लाकडं रचली होती. मी म्हटलं, "जाळी काढली."

"बगितली."

"चूक झाली माझी. बकऱ्या परत घे. पूर्वीसारख्या चार."

ती हसली. "बकऱ्या काय तुज्या दुकानातल्या पाइप हायेत, शेट? ऑर्डर दिली आनि आल्या?"

"मी घेऊन देतो."

"माळ घालून बकऱ्या घेनार? बाजारात लोकं काय बोलतील तुला?" आतून दत्ताही हसला. "आनि त्यांच्यामागं फिरनार कोन? मना आता जमत नाय. तिथं लिफ्ट हाय, सावली हाय. साहेबीन चहा देते. कप येगला ठेवते, पन देते."

मी विचारलं, "गेल्या वर्षी तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? जागा तुजी, जाळी तुजी. तू ताडपत्री घेऊन आलास, तवाच समजले का आता आपला इथला संपला."

ताडपत्री मी छप्पर गळतं म्हणून नेली होती. मी तसं म्हणणारही होतो. पण खरंच तेवढ्यासाठीच नेली होती का, हे तिच्यासमोर बसल्यावर मला नक्की सांगता येईना.

शेवटी म्हटलं, दिवाळीनंतर गवत कापायला तरी येशील का? रोजंदारी देईन.

"गवत नेनार कोन? गुरं कुनाकडं हायेत?"

"नेलं नाही तरी चालेल. फक्त कापायचं."

"कापून टाकून द्याचा?" ती दत्ताकडे वळून म्हणाली, "ऐकलास? देव देव करता करता शेट येडा झाला."

हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही.

६ ऑक्टोबर २०२५

मनस्वीचा फोन आला. अहवाल गेला. तिने 'अतिधोक्यात' असं सुचवलं आहे. वरचे लोक तपासतील, वर्ष तरी जाईल. 'धोके' या सदरात तिने 'गवत न कापणे, चराई बंद होणे' असं लिहिलं. कुंपणाचा वेगळा उल्लेख केला, माझा नाही. आधीच्या मसुद्यातल्या चुकीखाली स्वतःचं नाव मात्र तिने घातलं आहे.

दीपेशला कळलं. म्हणाला, "झाला ना संडास बंद?" मी म्हटलं, तुला तिथे जायचंच का आहे? तो हसला, पण बराच वेळ फोनमध्ये काहीतरी शोधत होता.

१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

रविवारी दुकानातल्या दोन मुलांना घेऊन मीच कापायला गेलो होतो. मशीन भाड्याने आणलं. दगडाला पातं लागून तुटलं आणि मुलं वैतागून खाली बसली. मग विळा घेतला, तासाभरात तळहाताला फोड आले. पट्ट्याचा एक कोपरा कसाबसा झाला.

आज सकाळी पुन्हा गेलो तर वर आधीच माणसं. साळू, दत्ता आणि वाडीतल्या दोघी. निम्मं गवत खाली पडलं होतं. साळू माझ्या रविवारच्या कोपऱ्यात उभी होती.

"ह्यो कुनी कापला? उंदरानं?"

"मी."

"विला असा नाय धराचा. बोटं जातील, मग देवाला टाल्या कशा वाजवशील?" तिने माझ्या हातातला विळा घेतला, धार पाहिली, तोंड वाकडं केलं आणि तिच्याजवळचा दिला.

मी त्यांच्या रांगेत शेवटी लागलो. सालभर सडलेलं जुनं गवत खाली थर धरून होतं, ते दाताळ्याने ओढून काढावं लागलं. त्याखाली माती काळी, ओली, उघडी झाली. तुऱ्याची बोंडं बाहेरच्या पट्टीत वाळून फुटली आहेत, बी धुळीसारखं उडून गेलं. दुपारी मनिषा भाकऱ्या घेऊन आली. साळूने तिला सांगितलं, "वैनी, शेटला कामाला ठेवू नको, परवडनार नाय." दोघी हसत बसल्या. कळंबोलीचा एक तबेलेवाला टेम्पो घेऊन आला, चांगलं गवत तो घेऊन गेला.

संध्याकाळी डोंगर बोडका झाला. मधे माझे खांब तेवढे उभे. डोळ्यांना बरं दिसेना. फेब्रुवारीतलं ते सोनेरी गवत किती सुंदर होतं, हे आठवलं आणि तसं आठवल्याचंही वाईट वाटलं.

साळू विळा कमरेला खोवत म्हणाली, "आता येल का फूल?"

"ठाऊक नाही."

"नाय आला तर?"

"तरी पुढच्या साली कापायचं. त्याच्या पुढच्याही."

"आनि मना विचारलंस?"

"विचारतो आहे," मी म्हणालो.

तिने एकदा सगळ्या उतारावर नजर फिरवली. मग वाटेला लागली आणि जाता जाता म्हणाली, "गुरवार धर. बाकीच्या वारी मना सुट्टी नसते."

मी गुरुवार धरला आहे.